फोटो डेटाबेसमध्ये कोंबू नका

मा. संपादक, स. न. वि. वि.

सोलापुरातले चादर-टॉवेलचे व्यापारी स्वतःच्या वेबसाइट काढत आहेत. गिऱ्हाइकांनी अभिप्रायासोबत पाठवलेले फोटो मात्र अनेकदा सरळ डेटाबेसमध्ये कोंबले जातात. मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीच्या साध्या ‘ब्लॉब’ (फोटोसारखा कच्चा डेटा ठेवायच्या) रकान्यात ६५,५३५ बाइटच मावतात. फोटो त्याहून मोठा असला आणि स्ट्रिक्ट मोड (न मावणारा डेटा नाकारणारी सेटिंग) बंद असेल तर उरलेला भाग गुपचूप कापला जातो. पडद्यावर चादरीची वरची किनार दिसते, खाली नुसता करडा पट्टा. रकाना मोठा केला तरी बॅकअप फुगतच जातो.

मजकूर आणि ऑर्डर डेटाबेसमध्येच हव्यात. फोटो डिस्कवर फाइल म्हणून ठेवावा, रकान्यात फक्त त्याचा पत्ता. फाइलचे नाव सर्व्हरने द्यावे, नाहीतर दुसऱ्याची ‘चादर१’ पहिलीवर चढते. फोटोंच्या त्या फोल्डरमध्ये पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रॅमची भाषा) चालणे बंद करा, ही कळकळीची विनंती! फोटोच्या नावाखाली आलेली एक स्क्रिप्ट अख्खी साइट ताब्यात घेऊ शकते.

आधी फाइल लिहावी, मग डेटाबेसमध्ये नोंद करावी. उलट केले आणि मध्येच वीज गेली, तर नोंद राहते, फोटो नसतो. बॅकअप घेताना मात्र आधी डेटाबेस, मग फोल्डर; म्हणजे नोंद आली पण फोटो राहिला, असे होत नाही.

– एक वाचक, सोलापूर