हरसूदचे कागद वाचायला शिकवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

धरणात बुडालेल्या मध्य प्रदेशातल्या हरसूदवरच्या माहितीपटाच्या श्रेयनामावलीत तुम्ही आपले नाव घालू दिले नाहीत, म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे. नाव इथेही देत नाही. इंदूरच्या रामबागेतल्या मंडळींनी ओळखलेच, तर त्याला माझा इलाज नाही.

वृत्तवाहिनीच्या रोजच्या कामातून मी माहितीपटांच्या निर्मितीकडे वळले, तेव्हा हाताला नव्वद सेकंदांच्या बातमीचे वळण होते: दोन बाइट (लोकांची छोटी वक्तव्ये), थोडा व्हीओ (दृश्यांवरचे निवेदन) आणि शेवटी पीटूसी (वार्ताहराने कॅमेऱ्याकडे पाहून बोलणे). अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा जाता बावीस-तेवीस मिनिटे उरतात, आणि तेवढा वेळ प्रेक्षकाला धरून ठेवायचा तर घटनेमागचे कारण उलगडून दाखवावे लागते. हरसूदच्या बाबतीत दृश्यांची वाण नव्हती. 2004 च्या पावसाळ्याच्या तोंडावर लोकांनी आपलीच घरे पाडून दारे-खिडक्या ट्रॉलीत भरल्याचे फुटेज होते. ज्यात हरसूद बुडाले त्या पुनासा येथील इंदिरा सागर धरणाची 1000 मेगावॅट क्षमता आणि जलाशयाची 262.13 मीटरची पूर्ण पातळी हे आकडेही हाताशी होते. मोबदला मिळालेल्या कुटुंबाला तेवढीच जमीन पुन्हा का घेता आली नाही, एवढेच कळत नव्हते.

महसूल खात्यात उभी हयात गेलेल्या तुम्ही ते ओट्यावर बसून समजावलेत. 1894 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव धरला जाई तो कलम 4 ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेण्याच्या इराद्याची पहिली जाहीर सूचना, प्रसिद्ध झाली त्या दिवसाचा. गाव सोडायची वेळ येईपर्यंत भाव कुठल्या कुठे गेलेला असे. माणसाची मुलाखत घेण्याआधी त्याच्या नोटिशीवरची तारीख पाहा, असे तुम्ही बजावलेत. खसऱ्याची, म्हणजे तिकडच्या जमीन नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल मांडीवर पसरून, पेन्सिलीचे टोक शेवटच्या रकान्यावर टेकवून, कैफियत, म्हणजे त्यातले शेरे, आधी वाचायची सवय लावलीत. आणि मी उत्साहाच्या भरात सरकारला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायला निघाले, तेव्हा त्याच कायद्यातली 30 टक्के दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दल बाजारभावावर मिळणारी जादा रक्कम) आणि अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंतची, वार्षिक 12 टक्क्यांची वाढ यांचाही हिशेब माहितीपटाच्या संहितेत घालायला लावलात. त्या वेळी मला हा तुमचा जुन्या नोकरीचा जिव्हाळा वाटला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

त्या हिशेबाने माहितीपटाचा मधला भाग बदलला. भू-अर्जन (भूसंपादन) अधिकाऱ्याला विचारायचा प्रश्न तारखेपुरता नेमका झाला आणि त्याचे लांबलचक उत्तर न कापता ठेवता आले, कारण त्यात टाळाटाळ नव्हती, कायदाच तसा होता. एका शेतकऱ्याची नोटीस पडद्यावर इतका वेळ राहते की तिच्यावरचा शिक्काही वाचता येतो. संकलकाने तो शॉट निम्मा करायला सांगितला होता, मी ऐकले नाही. वाहिनीच्या वकिलांनी संहिता तपासली आणि मोबदल्याचा भाग एकही शब्द न बदलता परत केला. या व्यवसायात असे सहसा घडत नाही.

रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, पाहून, नोटीस वाचली जात असताना खाली सारंगी कशाला, असे तुम्ही विचारलेत. सारंगी काढली आहे.

आता मध्य प्रदेशातल्याच बडवानीकडचे भूसंपादनाचे कागद जमवते आहे. त्यातले काही निवाडे 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यानंतरचे आहेत आणि त्यांची आकडेमोड निराळी आहे. दिवाळीनंतर सगळे बाड घेऊन येते. सोबत एक नवा संशोधक मुलगा आहे. त्यालाही ओट्यावर जागा द्यावी.

तुमची,
रामबागेतली शेजारीण
इंदूर