गोचिडीला कीटक म्हणू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापावरची आपली बातमी वाचली. काजूच्या हंगामात माणसे रानात जाऊ लागतात, नेमक्या त्याच वेळी आपण हा विषय पहिल्या पानावर घेतलात, हे फार बरे केलेत. मात्र बातमीत गोचिडीला वारंवार ‘कीटक’ म्हटले आहे आणि चौकटीचा मथळाही ‘कीटकांपासून सावध राहा’ असा आहे. आमच्या भागात या एका शब्दाने नुकसान होऊ शकते, म्हणून लिहितो आहे.

कीटक हा प्राण्यांच्या वर्गीकरणातला ठरलेला वर्ग आहे. डोके, छाती आणि पोट असे शरीराचे तीन भाग, पायांच्या तीन जोड्या आणि डोक्यावर मिशांची एक जोडी, ही त्याची ओळख. पंख हवेतच असे नाही. ऊ, ढेकूण, पिसू बिनपंखी असूनही कीटकच. गोचीड यात बसत नाही. ती कोळी आणि विंचवाच्या गोतातली, अष्टपाद वर्गातली. गुराच्या कानामागची गोचीड चिमट्याने काढून भिंगाखाली उताणी ठेवा. मिशा नाहीत, डोके-छाती-पोट अशी विभागणी नाही, सगळे अंग सलग, आणि पुढच्या बाजूला पायांच्या चार जोड्या. (बोटांनी मात्र ती कधीच चिरडू नये.)

नुसते पाय मोजूनही भागत नाही, हे मान्य. अंड्यातून निघालेल्या गोचिडीच्या पिल्लाला सहाच पाय असतात. २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफस या तापाने घबराट पसरवली. तो पसरवणारे चिगर म्हणजेही माइटची (कोळ्याच्याच गोतातल्या सूक्ष्म जिवाची) सहा पायांची पिल्लेच. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने १७५८ साली कोळी, विंचू आणि खेकड्यांनाही कीटकांतच घातले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने अष्टपादांना पुढे वेगळे काढले. आपला १९६८ चा कीटकनाशक कायदा तर बुरशीनाशके आणि तणनाशकेही त्याच नावाखाली घेतो. त्यामुळे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. पण वर्तमानपत्राने तो वाढवू नये.

माकडतापात माणसाला चावते ते बहुधा गोचिडीचे मधल्या अवस्थेतले पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढे. ते उडत नाही, उडीही मारत नाही. पातेऱ्यात (गळून पडलेल्या पानांत) किंवा गवताच्या टोकाला बसून राहते आणि जाणाऱ्याच्या पायाला, कपड्याला चिकटते. ‘कीटक’ असे वाचले की माणसाच्या डोळ्यांपुढे डास येतो. तो संध्याकाळी दारे-खिडक्या लावून घेतो, कॉइल पेटवतो आणि सकाळी उघड्या पायांनी काजूखालचा पातेरा ओढायला जातो. त्याला सांगायला हवे ते वेगळेच : अंगभर कपडे घाला, आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल हातापायांना लावा, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका, साबण लावून कढत पाण्याने अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा नीट तपासा. माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता लगेच कळवा. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार ओळखला गेला, तोही अशीच माकडे मरू लागली तेव्हा.

शेतीच्या पानावरही हेच होते. मिरचीवरचा कोळी (जाळे विणणारा नव्हे, पिकावरचा माइट) किंवा नारळाची बोंडे करपवणारा इरिओफाइड कोळी यांनाही सर्रास कीटक म्हटले जाते. ‘कीड’ म्हणा, हरकत नाही. पिकाचा नाश करणारे काहीही कीडच. पण कीटक म्हटले की शेतकरी दुकानातून कीटकनाशक आणतो. काही औषधे दोघांनाही लागू पडतात, पण पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांच्या फवारणीने बऱ्याचदा कोळ्यांना खाणारे मित्रजीव मरतात आणि कोळी उलट फोफावतो. तिथे कोळीनाशक किंवा गंधक हवे. २०२२ साली लातूर, बीडकडे सोयाबीन फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायी तर मृदुकाय. त्यांना आमिष वेगळे, औषध वेगळे.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. यापुढे गोचीड, कोळी, माइट यांना त्यांच्याच नावाने लिहावे आणि गटाचे नाव लागलेच तर ‘अष्टपाद’ म्हणावे. दुसरे, आपण छापलेले छायाचित्र रक्त पिऊन टरारलेल्या, वाटाण्याएवढ्या गोचिडीचे आहे. पुढच्या वेळी पिल्लाचे छापावे, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून.

आपला,
एक बागायतदार वाचक
ता. सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग