मिक्सर भंगारात देऊ नकोस

इंदिरानगर, नाशिक
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय मंगल,

तुझा निरोप रात्री वाचला. मिक्सर बंद पडला, दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता "मोटर गेली, नवीनच घ्या" असं सांगून टाकलं, आणि शेवटी तुझा प्रश्न: "तू म्हणे हल्ली घरातलं सगळं व्हिडिओ बघून स्वतःच दुरुस्त करतेस, मला जमेल का गं?" फोनवर सांगितलं असतं, पण तू मध्येच हसायला लागतेस आणि विषय वांग्याच्या भरतावर जातो. म्हणून सविस्तर लिहिते. घट मांडून झालाय, नैवेद्याला अजून वेळ आहे.

जमेल. फक्त लगेच व्हिडिओ लावून बसू नकोस.

व्हिडिओवाला भाग कसा बदलायचा ते दाखवतो. पण तुझ्या मिक्सरचं नेमकं काय बिघडलंय हे त्या बिचाऱ्याला कसं कळणार? त्याने टेबलावर घेतलेल्या मिक्सरचं दुखणं त्याला आधीच ठाऊक असतं. नुसतं "मिक्सर चालत नाही" असं टाकून शोधलंस तर कुणी स्विच बदलेल, कुणी कार्बन, कुणी थेट आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभाच. आणि तू तिन्ही विकत आणशील. आधी मिक्सरलाच विचार, मग मोबाईलला.

प्लग काढून मिक्सर आडवा कर. बुडाला एक लाल बटण असतं, ते ओव्हरलोडचं. वाटण घट्ट झालं, मोटर तापली की ते टपकन बाहेर येतं आणि सगळं बंद. निवू दे, मग दाब. आता भांडं न लावता, अगदी कमी वेगावर क्षणभर चालवून बघ. चालला तर मोटर ठणठणीत आहे, गोम भांड्यात आहे. पात्याखालच्या बुशात, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीत, चटणीचं पाणी उतरतं, सुकतं, आणि पातं जाम होतं. कपड्याने धरून पातं फिरवलंस की कळेलच.

भांड्याशिवायही गप्पच असेल तर कान आणि नाक वापर. घूं करून अडत असेल तर आत काहीतरी अडकलंय. बंद पडायच्या आधी खालच्या फटींतून निळ्या ठिणग्या दिसत होत्या का? मग मला कार्बनचीच शंका येते. मोटरच्या दोन्ही अंगांना पितळी घरांत कोळशाचे दोन तुकडे असतात, मागून स्प्रिंग त्यांना दाबून धरते. मिक्सरची मोटर रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते, त्यावर ते घासून घासून झिजतात. फार आखूड झाले की स्प्रिंगचा दाब पोचत नाही आणि मोटर मेल्यासारखी पडून राहते. जोडी शंभर रुपयांच्या आत मिळते. आणि तुझ्याकडे आलेल्या माणसाने उघडून बघितलंच नाही! वाइंडिंग खरंच जळलं असेल तर मात्र लपत नाही, वार्निश करपल्याचा वास येतो आणि तांब्याची तार काळी पडलेली दिसते. तेवढं दिसलं तर नवीन घे, मी काही बोलणार नाही.

एवढं झालं की व्हिडिओ शोध, आणि शोधताना मॉडेलचा नंबर घाल. आता कुठला बघायचा? पांढरंशुभ्र टेबल, मागे संगीत, स्वच्छ हात, असं दिसलं की मी पुढे जाते. माझा विश्वास बसतो तो काळ्या नखांच्या माणसावर. मागे रस्त्यावरचे हॉर्न वाजताहेत, मध्येच गिऱ्हाईक येतंय, आणि तो भाग बदलायच्या आधी तपासणीचा मीटर लावून दाखवतोय. मीटर न लावता थेट बदलणारा असेल तर तोही अंदाजानेच चाललाय असं समज.

आणखी एक, जे कुठलाच व्हिडिओ दाखवत नाही: न निघणारा स्क्रू. तिकडे चार स्क्रू सर्रकन निघतात, कारण पाचव्यापाशी त्याने चित्रीकरण कापलेलं असतं. आपल्याकडे वेळ जातो तो सगळा तिथेच. गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवायचा स्प्रे मारायचा आणि स्वयंपाकाला लागायचं, तासाभराने यायचं. डोक्यात नीट बसणारा, जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर हवा. बारका घेतलास तर स्क्रूचं डोकं खाऊन टाकेल. सगळे स्क्रू काढूनही झाकण निघालं नाही तर जोर लावू नकोस. एखादा स्क्रू स्टिकरखाली नाहीतर रबरी पायाखाली दडलेला असतो, किंवा प्लास्टिकचं लॉक असतं. कुठलीही वायर सोडवण्याआधी फोटो काढायचा. आमच्या सासूबाई टॉर्च धरायला बसतात आणि प्रत्येक स्क्रू मोजून वाटीत टाकतात. शेवटी एक उरला तर त्या मला उठू देत नाहीत.

मीटरचं म्हणशील तर साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत येतो. माझा वसूल झाला तो गिझरवर. थंडी पडल्यापासून गिझर लावला की ईएलसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पडायचा. वायरिंगवाला म्हणाला, ईएलसीबीच बदलू. मी मेन बंद केला, एलिमेंटच्या वायरी सोडवल्या आणि मीटर लावला. २००० वॅटचं एलिमेंट असेल तर २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे साधारण २६ ओहम दिसायला हवेत. तेवढे दिसले. पण एक टोक एलिमेंटला आणि दुसरं टाकीच्या पत्र्याला लावलं, तर जिथे काहीच दिसायला नको तिथेही आकडा आला. म्हणजे एलिमेंटचं आवरण फुटलेलं, वीज पत्र्याकडे पाझरतेय, आणि तो ईएलसीबी इमानेइतबारे ३० मिलिअँपिअरला पडून आम्हाला वाचवतोय. आणि वायरिंगवाला त्यालाच काढायला निघाला होता!

एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर क्षारांचा पांढरा थर, बोटाएवढा जाड. आमच्या इमारतीत गंगापूर धरणाचं पाणी कमी पडलं की बोअरचं मिसळतात, त्याची ही कृपा. सोबत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीऐवजी स्वतः गंजून जाण्यासाठीच बसवलेला. तो खाऊन खाऊन नुसती तार उरली होती. मी पाहिलेल्या व्हिडिओंत एलिमेंट सगळे बदलत होते, रॉडचं नाव एखाददुसराच काढत होता. तुझा गिझर जुना असेल तर यंदा तो बघून घे.

पंख्याचं थोडक्यात. हळू फिरतो किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होतो, तर बहुतेक कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कॅपॅसिटर. जुन्यावर लिहिलेलाच आकडा मागायचा, साधारणतः २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट. नुसतं बटण बंद करून स्टुलावर चढायचं नाही, मीटरबोर्डावरचा एमसीबी, म्हणजे त्या लाइनचा मुख्य स्विच, खाली करायचा. जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर असू शकतं.

आता जिथे मी हात लावत नाही ते. मायक्रोवेव्ह, अजिबात नाही. आतला ट्रान्सफॉर्मर २००० व्होल्टच्या घरात वीज चढवतो आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ती साठून राहते. स्क्रूड्रायव्हर आडवा धरून "असं डिस्चार्ज करा" सांगणारे महाभाग आहेत, त्यांना त्यांच्या घरी राहू दे. फ्रिजचं दाराचं रबर, पाणी जायचं भोक, एवढं मी करते, गॅसला नाही. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर ६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, पेट घेणारा. आणि कुठल्याही व्हिडिओत "कटआउट डायरेक्ट करून टाका" असं ऐकलंस की तिथेच बंद कर. कटआउट म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग. गिझरचा तो वगळून वायर थेट जोडली आणि तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट चिकटला, तर पाणी उकळतच राहतं.

मिस्त्री लोकांवर माझा राग नाही हं. आमच्या कोपऱ्यावरचा मुलगा सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेला. वॉशिंग मशीनचा बोर्ड घेऊन गेले तेव्हा तो दुकानात मोबाईल टेकवून व्हिडिओच बघत बसला होता. मी बघितलं तसा हसला, "काकू, ही नवीन मशीनं आली तेव्हा आम्ही शिकून बाहेर पडलो होतो. आम्हीपण इथेच बघतो." त्याच्याकडे मीटर आहे, आणि भिंतीवर सिरीज बोर्ड, १०० वॅटचा बल्ब लावलेला. बिघडलेली वस्तू त्यातून जोडायची. आत शॉर्ट असेल तर बल्ब भक्कन पूर्ण पेटतो, बाकी काही जळत नाही. एवढ्यासाठी त्याच्याकडे जायला मला कमीपणा वाटत नाही.

राग आहे तो तीन पाकळ्यांचे स्क्रू बसवणाऱ्यांवर. साध्या पेचकसाने उघडू नये म्हणून मुद्दाम वेगळे! २४ डिसेंबर २०२२ ला, ग्राहक दिनी, केंद्र सरकारने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, कंपन्यांनी माहितीपुस्तिका आणि सुट्या भागांची माहिती तिथे द्यावी म्हणून. चांगलंच केलं. पण कार्बन विकत घ्यायला मला अजून मेन रोडच्या गल्लीतलाच काउंटर गाठावा लागतो. तिथले काका जुना तुकडा हातात घेऊन, न मोजता, बरोबर तोच पुडीत बांधून देतात. तुमच्या जळगावातही असा कुणीतरी असणारच, शोध.

तर रविवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मिक्सर उघड. कार्बन निघाले की पट्टीशेजारी ठेवून फोटो पाठव, मी बघेपर्यंत काही आणू नकोस. वास कसला येतो तेही लिही.

काकांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
शैला

ता. क. पुढच्या महिन्यात येणार आहेस तर भरताची वांगी आण, इथली पाणचट. आणि तुझं ते झिजलेलं भांडंही घेऊन ये, बुश इथे बसवून घेऊ.