नेट सोडायचं तर किती भरायचं, ते आधी लिहून द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते आणि घरूनच जीएसटीची कामं करते. बहुतेक गिऱ्हाइकं खंडेराव मार्केटच्या आसपासचे छोटे व्यापारी. दर महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, २० तारखेला ३बी म्हणजे कर भरायचं. तारीख हुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि उलाढाल शून्य असली तरी २०. त्यामुळे घरातलं नेट हे माझ्यासाठी दुकानाच्या शटरसारखं आहे. ते बंद तर काम बंद.

जूनमध्ये मी एका कंपनीचं फायबर कनेक्शन घेतलं. वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना ८०० रुपये, नाहीतर १,०००. मी वर्षाचे भरले : ९,६०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११,३२८. पाच महिन्यांत तक्रारी किती केल्या ते डायरीत आहे, अकरा. सप्टेंबरच्या २० तारखेला दुपारी चार वाजता राउटरवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि सात जणांची विवरणपत्रं मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भरली. शेवटचं रात्री पावणेबाराला गेलं.

दोन दिवसांनी वायरमन आला. विशीतला मुलगा, कामाचा पक्का. त्याने वायर काढून तिच्यातल्या प्रकाशाचा जोर मोजणाऱ्या मीटरला लावली, आकडा आला उणे ३१. उणे २७ च्या खाली गेलं की डबा रडतो, म्हणाला. मग मला खिडकीशी नेऊन दाखवलं. खांबावरून निघालेली काळी वायर शेजारच्या गॅलरीच्या गजाला गुंडाळून आमच्याकडे येते, आणि तेवढ्या अंतरात चार ठिकाणी जोड, त्यावर चिकटपट्टी. "बेन, आमां सांधा बहु थई गया छे." म्हणजे, ताई, यात जोड फार झालेत. नवी वायर ओढायची परवानगी त्याने वरती दोनदा मागितली होती. मिळाली नव्हती. त्या मुलाबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

नोव्हेंबरात मी दुसरीकडे जायचं ठरवलं आणि फोन केला. उत्तर मिळालं की वर्षाच्या प्लॅनचे पैसे परत मिळत नाहीत. उलट जोडणीचे माफ केलेले १,५०० रुपये आता भरावे लागतील, कारण मी बारा महिने पुरे केले नाहीत. हे कुठे लिहिलंय विचारलं, तर संकेतस्थळावरच्या अटींमध्ये. माझ्या पावतीवर त्यातलं एक अक्षर नाही. अटी उघडून पाहिल्या, सगळ्या इंग्रजीत. आमच्या गल्लीत किती जणांना त्या वाचता येतील?

मी फुकटात काही मागत नाही. वर्षाची सवलत घेतली आणि वर्ष पुरं केलं नाही, तर सवलत गेली हे मला मान्य आहे. पाच महिन्यांचे महिना हजाराने ५,००० धरा, वर ९०० कर. ५,९०० कापून ५,४२८ रुपये परत द्या, एवढंच माझं म्हणणं. त्यावर मला सांगण्यात आलं की कर तर सरकारजमा झाला, तो आता कसा परत येणार? हे मात्र माझ्याच धंद्यातलं आहे म्हणून ठासून सांगते. सेवेत कमतरता असेल तर विक्रेत्याला जीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते आणि तेवढा कर स्वतःच्या देण्यातून वजा करता येतो. मुदतही पुष्कळ असते, आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत. मी त्या कराचं क्रेडिट घेतलेलंही नाही, म्हणजे तो माझ्या देण्यातून वजा केलेला नाही. तेव्हा कराचं कारण कुणी पुढे केलं, तर वाचकांनी ते ऐकून घेऊ नये.

मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. त्याआधी आपल्याला नंबरने बांधून ठेवलं होतं आणि ती गाठ सरकारने सोडवली. घरच्या नेटला नंबरच नाही, म्हणून सोडायला काही गाठच नाही असं वाटतं. पण इथे गाठ आहे आगाऊ भरलेल्या पैशांची आणि कंपनीच्या राउटरची. माझी भाची इंग्लंडात लेस्टरला असते. तिकडे १२ सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने फक्त नव्या कंपनीला सांगायचं, जुनीशी बोलणं ती करते. आणि मुदतीआधी सोडण्याचे किती पैसे पडतील ते जुनी कंपनी आधी कळवते, मगच ग्राहक होकार देतो. भाचीला पैसे भरावे लागलेच. पण आकडा आधी समोर होता, म्हणून तिने विचार करून भरले.

आपल्याकडे 'ब्रॉडबँड' म्हणवायला किमान वेग २ एमबीपीएस पुरतो, जानेवारी २०२३ पासूनची व्याख्या तशी आहे. '१०० पर्यंत' असं सांगून विकलेल्या जोडणीत तो 'पर्यंत' हा शब्द कंपनीला सांभाळून घेतो. मग सोडून जाणं एवढंच ग्राहकाच्या हातात उरतं, आणि नेमकं तेच महाग करून ठेवलंय.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करार' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार त्यात बसतो. पण तो मुद्दा जिल्हा आयोगापुढे नेता येत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. म्हणजे ५,४२८ रुपयांसाठी मी अहमदाबादच्या खेपा घालायच्या! सदोष सेवेची तक्रार जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत तिला फी नाही, म्हणून मी ती करते आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली आहे.

दूरसंचार नियामकाकडे माझी एकच मागणी आहे. कनेक्शन देतानाच्या पावतीवर बारा ओळींचा तक्ता छापावा : पहिल्या महिन्यात सोडलं तर किती परत, दुसऱ्यात किती, बाराव्यात किती. तो गुजरातीतही असावा, आणि महाराष्ट्रात मराठीत. पैसे घेताना कंपनीला पैशापैशाचा हिशेब येतो, तर हा तक्ता छापणं तिला जड नाही.

जुना राउटर मी पुसून, अडॅप्टरसकट पिशवीत घालून कपाटावर ठेवला आहे. तो परत केला नाही तर त्याचेही पैसे लागतील असा निरोप दोनदा आला, न्यायला मात्र अजून कुणी आलेलं नाही. येतील तेव्हा राउटरच्या मागचा क्रमांक लिहिलेली सहीची पावती घेईन आणि मगच पिशवी हातात देईन.

आपली,
एक वाचक
दांडिया बाजार, वडोदरा