रविवारची शेतसहल : भातलावणीला येणाऱ्या पालकांसाठी

नमस्कार सभासदहो,

येत्या रविवारी मुलांना घेऊन पावसजवळच्या शेतावर लावणीला जायचं आहे. सकाळी सातला रत्नागिरीहून निघू. पाऊस असला तरी सहल होणारच, लावणी पावसातच असते.

तरवा, म्हणजे भाताची रोपं, साधारण तीन आठवड्यांचा झालाय. मुलांनी तो मुळांसकट उपटायचा, मूठ बांधायची आणि चिखलणी झालेल्या खाचरात (चिखल करून तयार केलेल्या भातशेतात) दोन-तीन काड्या एकत्र रोवायच्या. फार खोल नको, फुटवे (बुंध्यातून येणारे नवे कोंब) कमी येतात. शेतकऱ्याच्या घरातल्या मंडळींनी दाखवलं तसंच करू द्या. त्यांच्या वर्षभराच्या भाताचा प्रश्न आहे. आईबाबांनीही उतरावं, नुसते फोटो काढत बांधावर उभे राहू नका.

आता महत्त्वाचं. पायाला जखम, खरचटलेलं किंवा चिखल्या असतील तर त्या मुलाला चिखलात उतरवू नका. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे) जंतू तिथून सहज शिरतात. बाहेर आल्यावर हातपाय साबणाने धुवा. पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप आला, अंग दुखलं, डोळे लाल झाले, तर शेतात उतरल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) दगडांत, पालापाचोळ्यात हात घालू देऊ नका. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप असतो.

जेवण शेतावरच : तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी. वेगळा खाऊ आणू नका, एक दिवस मुलं हे आनंदाने खातील.

जुने कपडे, बदलायचा जोड, टॉवेल सोबत घ्या. नावं शुक्रवारपर्यंत कळवा, तांदूळ दळायचे आहेत.