वाचक गटाची रविवारची बैठक पंचगंगा घाटावर

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, आपल्या गटाची या महिन्याची बैठक येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता पंचगंगा घाटावर होईल. जेरोम के. जेरोम यांची ‘थ्री मेन इन अ बोट’ (१८८९) ही विनोदी कादंबरी थेम्स नदीवरील, किंग्स्टनहून ऑक्सफर्डपर्यंतच्या नौकाप्रवासाची असल्याने नदीकाठच योग्य, असे ठरले.

ज्यांनी शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त काही वर्षे परदेशात काढली, त्यांनी कादंबरीतील ज्या प्रसंगाने तिथले दिवस आठवले, तो प्रसंग वाचून दाखवावा आणि मग आपली आठवण सांगावी. लिव्हरपूलहून लंडनला नेलेल्या चीजच्या वासाने भरलेला रेल्वेचा डबा रिकामा होतो, हे वाचताना मला इंग्लंडमधील रीडिंग शहरातले वसतिगृह आठवले. तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात मी कांदा-लसूण चटणीची बरणी उघडली की शेजारचा विद्यार्थी मुकाट्याने खिडकी उघडत असे आणि भर जानेवारीतही ती तासभर तशीच ठेवत असे.

कृपया लक्षात घ्यावे :
- प्रत्येकास ७ मिनिटे मिळतील. तिकडचे रस्ते आणि इकडचे रस्ते ही तुलना कृपया टाळावी.
- परदेशी न गेलेल्यांनी संकोच करू नये. अस्सल कोल्हापूरकराला पुणेसुद्धा परदेशच वाटते.
- पुस्तकाची स्वतःची प्रत आणि बसण्यासाठी सतरंजी आणावी.
- बोलू इच्छिणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे.

पाऊस आल्यास बैठक नेहमीच्या खोलीत, त्याच वेळी होईल.

– संयोजक