रंकाळ्यावर पहाटे साडेपाचला बोलावणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

कॉलेजात तुम्हाला सगळे मामाच म्हणायचे, प्राध्यापकसुद्धा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये बाटल्या विसळण्यापासून द्रावणं करण्यापर्यंत सगळं तुमच्याकडं. म्हणून पत्रातही मामाच. नाव घातलेलं तुम्हाला आवडायचं नाही.

आपला रंकाळा तलाव हिरवागार झाला, वास सुटला, कडेला मासे तरंगायला लागले, की आम्ही फिरायला येणारी मंडळी निवेदन द्यायचो. एकदा एका कार्यालयात ऐकवलं गेलं, "रिपोर्ट तर चांगला आलाय." तो कागद घेऊन मी तुमच्याकडं आले. तुम्ही पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा बघितलाच नाही, नमुन्याची वेळ बघितली. दुपारी ३. "अगं, उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतंय, आकडा फुगणारच. रात्री तेच शेवाळ प्राणवायू खातंय. मासं पहाटं मरतंय, दुपारी न्हवं."

पुढच्या रविवारी साडेपाचला तुम्ही राजघाटावर हजर, पिशवीत ३०० मिलीच्या काचेच्या बाटल्या. बाटली पाण्याखालीच भरायची, बूच तिरकं सरकवायचं, आत बुडबुडा दिसला की ओतून पुन्हा. माझ्या चार वेळा फुकट गेल्या. तुम्ही काही बोलला नाही, फक्त परत ओतायला लावलंत. मग मँगनीज सल्फेट, त्यावर आयोडाइडचं द्रावण. तळ्याच्या मध्यावरच्या नमुन्यात चहासारखा तपकिरी साका बसला. नाल्याच्या तोंडाजवळच्या बाटलीत तो फिकट, जवळजवळ पांढरा. "पांढरा म्हणजे प्राणवायू न्हाईच," एवढंच म्हणालात. निवेदनांच्या चळतीनं जे मला कधी पटवलं नव्हतं, ते त्या बाटलीनं पटवलं.

पाण्यातला प्राणवायू मोजायची १८८८ सालची ही विंकलरची पद्धत अजून चालते याचं मला फार नवल वाटलं होतं. २०० मिली नमुना, ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीतून, थेंब थेंब थायोसल्फेट, स्टार्चचा निळा रंग गेला की थांबायचं. जितके मिली गेले तितके मिलीग्रॅम प्राणवायू प्रति लिटर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला निदान ५ आणि माशांसाठी ४ लागतात, हे तुम्ही वहीच्या पहिल्याच पानावर लिहून दिलंत. आता वहीत प्रत्येक तारखेला दोन रकाने आहेत, पहाट आणि दुपार. दुपारचा आकडा दाखवून आमची बोळवण करणं आता जमत नाही.

डब्याच्या २० सेंटिमीटरच्या झाकणाला काळा-पांढरा रंग देऊन केलेली तुमची तबकडी पाण्याचा गढूळपणा बघायला अजून वापरतो. दोरीच्या गाठी मोजत ती पाण्यात सोडली, की बघायला शाळेची पोरं जमतात. वापरलेली द्रावणं तळ्यात न ओतता कॅनमध्ये भरून परत न्यायची शिस्तही तुमचीच. पोरांना ती सांगावी लागत नाही, तुम्हाला कॅन उचलताना त्यांनी बघितलंय.

एक तक्रार मात्र आहे. रसायनांचे पैसे अजून घेतलेले नाहीत. दर वेळी "बघू" म्हणता. मी हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवलाय.

आणि ब्युरेटची तोटी परत गळायला लागलीय. व्हॅसलीन लावून बघितलं, उपयोग नाही. रविवारी येताना जुनी घेऊन याल का?

तुमची,
वही सांभाळणारी